बंदर नसलेल्या बेटावर पाहुणे म्हणून जाताना

निउएला बंदर नाही. दक्षिण प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या ईशान्येला सुमारे २,४०० किलोमीटरवर, खोल पाण्यातून सरळ वर आलेला हा चुनखडीचा एकच एक प्रचंड खडक आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम १,७०० माणसांची. भोवती लगून नाही, आत शिरायला खाडी नाही, नदी तर नाहीच. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या पूर्व कड्यांवर आदळत राहतात आणि पश्चिमेला, आलोफी गावासमोर, बेटाच्याच आडोशाला शिडाच्या बोटी उभ्या राहतात. वारा आग्नेयेचा आहे तोवर हा आडोसा. वारा फिरला की आडोसा गेला.

तरीही पॅसिफिक ओलांडणारे दर्यावर्दी या बेटाचं नाव मायेनं घेतात. इथं निसर्गानं बोटीसाठी काहीच सोय केलेली नाही. जी आहे ती माणसांनी केलेली आहे. स्थानिक यॉट क्लबच्या स्वयंसेवकांनी समुद्रतळाला वजनं रोवून बोटी बांधायला बोये सोडलेत, धक्क्यावर पाहुण्यांची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, उचलायला क्रेन ठेवलेली आहे. हा पाहुणचार मुद्दाम, कष्टानं केलेला आहे. तेव्हा जाणाऱ्यानंही तयारी करून जावं, आणि निघण्याची तयारी ही त्यातली पहिली तयारी समजावी.

मराठी वाचकाला शिडाच्या बोटीचा मोठा प्रवास म्हटला की दिलीप दोंदे आठवतात, २००९-१० मधली ‘म्हादेई’ आठवते, नंतरची ‘तारिणी’ आठवते. या दोन्ही बोटी गोव्यात बांधल्या गेल्या. त्यांचा मार्ग दक्षिणेच्या थंड, खवळलेल्या समुद्रातून केप हॉर्नकडे जाणारा होता. निउएचा मार्ग उबदार पाण्याचा. पनामाहून किंवा गालापागोसहून निघून मार्केसस, तुआमोतू, ताहिती, कुक बेटं, मग निउए, टोंगा, आणि नोव्हेंबरात चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्याआधी न्यूझीलंड असा तो नेहमीचा क्रम. स्वतःची बोट नसली तरी या वाटेवर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाता येतं. ऑकलंड किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी माणसांना तर ही संधी आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे.

आधी कागदपत्रं पाहू, कारण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याचं गणित युरोपीय सोबत्यांपेक्षा वेगळं असतं. खऱ्या पर्यटकाला निउएत आगाऊ व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येतं. अडचण बेटाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. ताहितीसाठी शेंगेन व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका. फ्रेंच पॉलिनेशिया त्यात मोडत नाही, तिथला वेगळा व्हिसा लागतो. टोंगाचे नियम निघण्यापूर्वी त्यांच्या कार्यालयाला लिहून विचारा. आणि न्यूझीलंडचा व्हिसा, तिथे जायचा बेत नसला तरी, खिशात असू द्या. निउएहून विमान जातं ते ऑकलंडला. बोटीवर कुणी आजारी पडलं, कप्तानाशी पटलं नाही, घरून वाईट बातमी आली, तर बाहेर पडायचा रस्ता ऑकलंडमधूनच आहे आणि भारतीय प्रवाशाला तिथे विमान बदलायलाही व्हिसा लागतो. बेटावरचं इस्पितळ लहान आहे. गंभीर रुग्णांना न्यूझीलंडलाच हलवतात. माझ्या मते हा एक व्हिसा लाइफ जॅकेटइतकाच आवश्यक आहे.

चलन न्यूझीलंडचा डॉलर. रोख रक्कम आधीच घेऊन ठेवा. बोयाचं भाडं, इंधन, बाजार, निघतानाचे कर, सगळीकडे ती सोयीची पडते.

आता समुद्राकडून येण्याविषयी. कुक बेटांतल्या रारोटोंगाहून निउए सुमारे ६०० सागरी मैल, म्हणजे साधारण पाच दिवस. वाटेत निउएच्या आग्नेयेला सुमारे १३० मैलांवर बेव्हरिज रीफ नावाचं प्रवाळाचं कडं आहे. भरतीच्या वेळी ते जवळजवळ पूर्ण पाण्याखाली असतं. त्यावर झाड नाही, दिवा नाही. या भागातल्या कित्येक खडकांच्या जागा जुन्या नकाशांत चुकीच्या दाखवलेल्या आहेत, म्हणून रात्री त्याच्या आसपासही फिरकू नका. उपग्रह छायाचित्रं आधी उतरवून घेऊन नकाशाशी ताडून पाहा. तिथे थांबायची इच्छा असेल तर आधी निउएच्या अधिकाऱ्यांची परवानगी मागा. २०२० मध्ये निउएनं आपल्या सागरी क्षेत्राचा ४० टक्के भाग संरक्षित केला आणि हे कडं त्या व्यवस्थेत येतं.

आलोफीला उजेडीच पोहोचा. उशीर होणार असं दिसलं तर शिडं कमी करून रात्र बाहेर काढा आणि सकाळी या. पोहोचण्याआधी व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर निउए रेडिओला हाक मारा: बोटीचं नाव, माणसं किती, कुठून आलात, बोया मोकळा आहे का. बोये मोजके आहेत, म्हणून मागच्या बेटावरूनच यॉट क्लबला संदेश पाठवून त्या वर्षीची परिस्थिती विचारलेली बरी. नांगर टाकण्याचा विचार सोडून द्या. पाणी किनाऱ्यापासून लगेच खोल होतं, तळ प्रवाळाचा आणि भेगांचा आहे. नांगर त्यात अडकतो तरी किंवा प्रवाळ मोडतो तरी.

बोयाला बांधताना स्वतःचे दोन वेगळे दोर वापरा, एकाच्या भरवशावर झोपू नका. मग पाण्यात उतरून साखळी आणि जोड डोळ्यांनी पाहा. निउएत हे सोपं आहे: नदी-ओढे नसल्यानं समुद्रात गाळ येत नाही, आणि तीस मीटर खालचा तळ पोहता पोहता दिसतो. त्या पाण्यात पट्टेरी साप दिसतील. स्थानिक लोक त्यांना कातुआली म्हणतात. ही जात निउएच्या आसपासच आढळते. विष जहाल, स्वभाव गरीब. श्वास घ्यायला वर येतात आणि पुन्हा खाली जातात. हात लावू नका, पाय झाडून त्यांना हुसकावू नका, एवढं पुरे.

क्वारंटाइनचा पिवळा झेंडा लावून, परवानगी मिळेपर्यंत कुणी उतरायचं नाही. आरोग्य, सीमाशुल्क आणि जैवसुरक्षेचे अधिकारी साधारणपणे धक्क्यावरच भेटतात. इथं मराठी स्वयंपाकघर घेऊन निघालेल्यांनी खास काळजी घ्यायला हवी. मूग, मटकी, मेथी, धने, मोहरी हे आपल्या दृष्टीनं वाणसामान. त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनं ते रुजू शकणारं बियाणं आहे. काहीही लपवू नका, सगळं यादी करून सांगा. दळलेले मसाले, भाजलेली पिठं, सोललेल्या डाळी यांचा त्रास कमी होतो. मध मात्र मुळीच नेऊ नका. निउएच्या मधमाश्या जगभर पसरलेल्या रोगांपासून मुक्त राहिल्या आहेत आणि दुसऱ्या देशातल्या मधाची एक बाटली ते सगळं घालवू शकते. आदल्या बेटावरचे नारळ, ताजी फळं, मुळांना माती लागलेली कंदभाजी पोहोचण्याआधीच संपवा.

यानंतर येते क्रेन. नवख्या माणसाला निउएत सर्वांत जास्त धास्ती तिचीच वाटते. धक्क्याला डिंगी बांधून ठेवता येत नाही, कारण लाटेचे हेलकावे थांबतच नाहीत. तासाभरात ती सिमेंटवर घासून फाटेल. म्हणून डिंगी पाण्यातून उचलून धक्क्यावर ठेवायची. त्यासाठी तीन किंवा चार दोरांची स्लिंग लागते. ते दोर वर एका भक्कम कडीत एकत्र यायला हवेत, आणि इंजिनाचं वजन मागे असल्यानं ती कडी डिंगीच्या मध्यावर न येता थोडी मागच्या बाजूला यायला हवी. ही स्लिंग निउएला पोहोचून बांधायला घेऊ नका. आधीच्या एखाद्या शांत लगूनमध्ये मोठ्या बोटीचं शीड चढवायच्या दोरानं डिंगी उचलून पाहा. नाक वर जातं की शेपूट, ते तिथेच कळेल आणि गाठ सरकवता येईल.

धक्क्याशी आल्यावर क्रम असा ठेवा. इंजिन चालू असतानाच बाकीची माणसं एकेक करून शिडीवर जातात. डिंगी लाटेवर वर आलेली असताना पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. सामान दोरानं वर ओढायचं. उतरलेल्यांपैकी एकजण क्रेनचं बटण धरतो, दुसरा पुढचा दोर. डिंगीत उरलेला माणूस आकडा पकडून कडीत अडकवतो, इंजिन वर उचलतो आणि स्वतः शिडीवर येतो. आकडा जड असतो आणि डोक्याच्या उंचीला झुलतो. नजर त्याच्यावरून हलवू नका. मग पुढचा-मागचा दोर धरून डिंगी वर घ्यायची, फिरवायची, ढकलगाडीवर ठेवायची आणि बाजूला नेऊन लावायची. क्रेनखालची जागा लगेच मोकळी करणं हा शिष्टाचार आहे, कारण ती तुमच्यासारखीच स्थानिक मासेमारांनाही लागते. त्यांना घाई असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. परत येताना अंधार होणार असेल तर कपाळावर बांधायचे दिवे सोबत घ्या, आणि दारू पिऊन क्रेनला हात लावू नका.

किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर रस्त्यानं जाणारा प्रत्येक वाहनचालक हात हलवतो. तुम्हीही हलवा. ‘फाकाआलोफा लाही आतु’ हा इथला नमस्कार, आणि तो म्हटल्यावर समोरचा थांबून बोलतोच. कॅप्टन कुक १७७४ मध्ये इथं आले तेव्हा बेटकऱ्यांनी त्यांना उतरू दिलं नाही. रागानं त्यांनी नकाशावर ‘रानटी बेट’ असं नाव घातलं. ते नाव फार काळ चिकटून राहिलं आणि निउएच्या लोकांना आजही ते आवडत नाही. तुमच्या तोंडी ते गमतीतही येऊ नये.

गावातून फिरताना ओसाड घरं दिसतील. छपरं गेलेली, दारात झाडं उगवलेली, एकामागून एक. कोकणात मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरं पाहिलेल्या माणसाला हे दृश्य वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. निउएचे लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात, आणि न्यूझीलंडात निउए वंशाचे सुमारे ३० हजार लोक राहतात. बेटावरच्या माणसांच्या कितीतरी पट. जानेवारी २००४ मध्ये हेटा चक्रीवादळाच्या लाटा पश्चिमेच्या कड्यांवर चढल्या, इस्पितळ आणि संग्रहालय उद्ध्वस्त झालं, त्यानंतरही काही कुटुंबं गेली. पण घर ओसाड असलं तरी बेवारस नसतं. जमीन कुटुंबाच्या सामाईक मालकीची असते आणि ऑकलंडला राहणाऱ्या कुणाच्या तरी आजीची आठवण त्या ओट्यावर असते. आत शिरू नका. अंगणातला नारळ किंवा पपई मालक विचारणारा नाही म्हणून तोडू नका. घरांसमोर, रस्त्याच्या कडेला थडगी असतात. त्यांवर बसणं, पाय देणं, सामान ठेवणं टाळा. शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाला सगळा किनारा आपलाच वाटू लागतो, म्हणून हे मुद्दाम आणि जोर देऊन सांगतो.

पोहण्याचे कपडे पाण्यापाशीच ठेवा. गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांना सलवार-कमीज उत्तम, ऊनही लागत नाही. रविवार देवाचा. ख्रिस्ती धर्म इथं १८४६ मध्ये पेनिआमिना या निउएच्याच माणसानं आणला आणि त्याचं स्थान आजही मोठं आहे. रविवारी मासेमारी नाही, बोटीची धावपळ नाही. तुम्हीही डिंगीची मौज, इंजिनाची दुरुस्ती, कपडे वाळत घालणं पुढे ढकला. कुणी बोलावलं तर चर्चमध्ये जरूर जा. धर्म कुठलाही असो, तिथलं अनेक आवाजांतलं सामूहिक गाणं ऐकण्यासारखं असतं आणि शेजारची बाई तुम्हाला हमखास जेवायला बोलावते. रिकाम्या हातानं जाऊ नये. आपल्या बोटीवर केलेलं काहीतरी न्या: बेसनाचे लाडू, शंकरपाळे. आठवडे समुद्रावर राहिल्यानं डिझेल इंजिन, पंप, तारा यांचं ज्ञान तुमच्याजवळ साठलेलं असतं. बेटावर सुटे भाग लांबच्या जहाजानं येतात, तेव्हा बंद पडलेली एखादी वस्तू दुरुस्त करून देणं ही तिथं खूप मोठी भेट ठरते.

शाकाहारी माणसाची इथं आबाळ होत नाही. बेटाचं मुख्य पीक तारो, म्हणजे आपला अळूच. फरक एवढा की आपण पानावर जीव टाकतो आणि ते कंदावर. कंदाच्या चकत्या आणि पपई नारळाच्या दाट दुधात भाजून केलेली ‘ताकीही’ जरूर खा. पानंही नारळाच्या दुधात शिजवतात. शुक्रवारी आलोफीचा बाजार भल्या पहाटे भरतो आणि लवकर संपतो, तेव्हा सहाच्या आत पोहोचा. गावोगावचे वार्षिक ‘शो डे’ असतात, तेव्हा बोटी थांबवून ठेवाव्यात इतके ते रंगतात. उगा नावाचा मोठा नारळ-खेकडा मात्र स्वतः पकडू नका. त्याची वाढ फार संथ असते, आणि कुठला, किती मोठा, केव्हा धरायचा हे ठरलेलं आहे. गावं काही वेळा प्रवाळाचा एखादा पट्टा किंवा समुद्रवाट काही काळासाठी बंद ठेवतात, याला फोनो म्हणतात. पुढे जाण्यापूर्वी विचारा. बंद असेल तर बंद.

पाहण्यासारखं खूप आहे. घाई करू नका. बेटाला वळसा घालणारा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरचा, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. भाड्यानं गाडी घेताना परवान्याचं काय ते आलोफीच्या पोलिसांना विचारून घ्या. तालावाच्या कमानी आणि मातापाची खोल घळ ओहोटीला पाहायच्या, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता सोबत ठेवा. टोगोच्या सुळक्यांमधून जाताना चपला चालत नाहीत. चुनखडी सुरीसारखी कापते, जाड तळव्याचे बूट घाला.

जुलै ते ऑक्टोबर अंटार्क्टिकाकडून हंपबॅक व्हेल इथं पिलांना जन्म द्यायला येतात. पाणी किनाऱ्यालगतच खोल असल्यानं ते बोयांच्या मधूनही फिरतात, रात्री त्यांचं गाणं बोटीच्या तळातून ऐकू येतं. माय-लेकरू जवळ दिसलं तर डिंगी घेऊन मागे जाऊ नका. त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचं तर परवानाधारक मार्गदर्शकासोबतच, असा तिथला नियम आहे. इंजिन सुरू करण्याआधी बोटीभोवती नजर फिरवायची सवय लावून घ्या.

हे सगळं चालू असताना सकाळ-संध्याकाळ बॅरोमीटर वाचत राहा. दक्षिण गोलार्धात थंड हवेची आघाडी सरकताना वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो: आग्नेय, मग ईशान्य, मग उत्तर, वायव्य, पश्चिम, आणि शेवटी नैर्ऋत्येकडून पुन्हा आग्नेय. ईशान्येपर्यंत ठीक. उत्तरेकडे झुकू लागला आणि पारा उतरत असेल तर निघायची वेळ झाली. पश्चिमेचा वारा सुरू झाल्यावर बोटीमागे प्रवाळाचा कडा असतो आणि बोया तुटला तर सावरायला मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून आलोफीत असेपर्यंत बोट कायम निघण्याच्या स्थितीत ठेवा. पाणी आणि इंधन पहिल्याच दिवशी भरा. डिंगी रात्री पाण्यात सोडू नका, वर घेऊन बांधा. पासपोर्ट बोटीवर असू द्या. सगळे एकदम लांबच्या गावात जाऊ नका. वारा शंकास्पद असेल त्या दिवशी बोट चालवू शकणारी दोन माणसं तरी बोटीवर हवीत. अवेळी निघावं लागलं तर निउए रेडिओला कळवा आणि मोकळ्या समुद्रात पुरेसं लांब जाऊन वारा बदलेपर्यंत थांबा. तिथे अंग दुखेल, पण बोट राहील.

हवामान साथ देत असेल तर निघण्याचा दिवस मात्र विचारपूर्वक निवडा. पुढचा मुक्काम बहुधा टोंगातलं वावाऊ, सुमारे २५० मैल, पाच नॉटच्या वेगानं दोन दिवसांचं अंतर. मधे तारीख बदलते. निउए आणि टोंगा यांच्या वेळेत नेमका चोवीस तासांचा फरक आहे. घड्याळाचे काटे तेच राहतात, दिनदर्शिका एक पान पुढे जाते. बुधवारी सकाळी निघालात तर टोंगात शनिवार उजाडलेला असेल आणि सरकारी कचेऱ्या बंद. गुरुवारी निघालात तर रविवार, आणि टोंगात रविवारी कायद्यानंच सगळं थांबतं. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी निघा. शनिवार-रविवारी शिक्का मिळणार नाही, म्हणून निघण्याचा दाखला शुक्रवारीच घेता येईल का ते आधी विचारून ठेवा, बोयाचं भाडं चुकतं करा, आणि क्लबच्या माणसांना बोयाच्या दोरावर कुठे झीज दिसली असेल तर ती नेमकी जागा सांगून मगच दोर सोडा. मागून येणारी बोट त्याच बोयाला बांधली जाणार आहे.